सत्तावीस नंबरची पानमोजणी

१ फेब्रुवारी, शनिवार

काचघराच्या रजिस्टरला मत चालत नाही. तिथे तापमान, ओलावा, पानांची संख्या आणि माझी सही, एवढंच. म्हणून ही वही. मनात साठलेलं कुठेतरी ओतायला हवं, नाहीतर ते घरच्यांच्या डोक्यावर पडतं, असं हे म्हणतात. हे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, त्यामुळे आपल्याला सगळं स्वच्छ दिसतं असा त्यांचा समज आहे.

तर आज आनंदाची बातमी. नवा फिल्टर बसून दोन आठवडे झाले आणि पाणी उत्तम येतंय. या गावाच्या नळाला पाणी कमी आणि चुना जास्त. फवाऱ्यांची तोंडं बुजायची, काचांवर पांढरे ओघळ, कुंड्यांच्या कडांना पांढरी पुटं. तीन वर्षं मी अर्जांवर अर्ज केले. बागेच्या संचालकबाई शेवटी कंटाळून म्हणाल्या, "घ्या बाई तुमचा फिल्टर, पण आता मला सुखाने जगू द्या." काचा इतक्या लख्ख झाल्यात की काल एक पाहुणा सरळ चालत येऊन कपाळ आपटून गेला. मला वाईट वाटायला हवं होतं.

वहीचं पहिलं पान आहे म्हणून रजिस्टरातल्या सत्तावीस नंबरच्या झाडाबद्दल नीट लिहिते. बागेतली सगळी झाडं एका बाजूला आणि हे एक बिगोनियाचं झाड एका बाजूला. जंगलातल्या चुनखडीच्या उभ्या कड्यावर, सावलीत, दगडांच्या फटीत ते वाढायचं. बावीस वर्षांपूर्वी एका वनस्पतीशास्त्रज्ञाने दोरावर लटकून त्याच्या आडव्या खोडाचा बोटभर तुकडा काढून आणला. आल्याच्या गड्ड्यासारखं गाठीगाठीचं खोड असतं त्याचं, जमिनीलगत सरपटत जातं. पुढे तो कडा सिमेंटसाठी फोडला. दुसरीकडे कुठेही ते सापडलेलं नाही. म्हणजे जगात जेवढं आहे तेवढं माझ्या ओट्यावर, तीन कुंड्यांत.

याच्या एका पानापासून अख्खं झाड होतं. म्हणून दर शनिवारी पानं मोजायची, आणि गळालेलं पानसुद्धा मोजून, नोंदवून जाळायचं, हा नियम मी घातला. आजची मोजणी : अडतीस.

९ फेब्रुवारी, रविवार

कामाचे कोट घेऊन खाली गेले. सासूबाई आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एकट्या राहतात आणि धुण्याचं यंत्र त्यांच्याकडे आहे, त्यामुळे रविवारची ही वारी चुकत नाही. मी दारातूनच देते आणि दारातूनच निघते. भांडण नाही आमचं. बसले की सल्ले सुरू होतात, म्हणून बसत नाही.

"अगं, या कोटाच्या खिशांत काय काय भरतेस?" त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेला सुतळी, दोन लेबलं आणि अर्धं बिस्किट. यंत्राला काय सगळं पचतं होय?"

खरंच, कात्री ठेवून ठेवून खिसे पार लोंबलेत. शिवून घ्यायला हवेत.

मी निघताना त्यांनी हाक मारून विचारलं, तुमच्या किटलीत सकाळचं पाणी उरतं का, उरत असेल तर वर ओतून देऊ नकोस, माझ्या खिडकीतल्या झाडाला लागतं. मी "बरं" म्हणाले. दिवसभर झाडं, आणि घरी आल्यावर पुन्हा झाडं कोण ऐकणार!

२२ फेब्रुवारी, शनिवार

मोजणी : पस्तीस.

तीन पानं गळली. हवा बदलतेय, होतं असं. पण नवीन कोंब उघडताना कडा आत वळल्यात आणि टोकाला तपकिरी ठिपका आहे, तो मला आवडला नाही. बाकी काचघर खूश. नेच्यांना तर इतका पाला कधी फुटला नव्हता.

पंख्याचा वारा थेट लागत असेल. पंखा वळवला.

८ मार्च, शनिवार

मोजणी : एकोणतीस.

माती बदलली. बुरशीचं औषध दिलं. पाणी कमी केलं, मग जास्त केलं, मग पुन्हा कमी केलं. डॉक्टर बदलणाऱ्या रोग्यासारखी माझी अवस्था झाली आहे.

आणि त्यात मावशी. पूर्वी त्या काचघरात झाडलोट करायच्या, आता बाहेरच्या स्वच्छतागृहांवर असतात. आज दुपारी बादली हातात घेऊन काचेबाहेर उभ्या होत्या आणि टक लावून सत्तावीसच्या ओट्याकडे बघत होत्या. मी दार उघडल्यावर म्हणाल्या, "बाई, कुंड्या फारच स्वच्छ झाल्यात हल्ली."

माझ्या डोक्यात सणक गेली. मी होते तेव्हा घाण असायच्या, हेच ना तुमचं म्हणणं, असा तो टोमणा! "झाल्यात खऱ्या," एवढंच म्हणून मी दार लावलं. चार वर्षं झाली त्या गोष्टीला, पण त्यांचा काचघराभोवती घुटमळण्याचा नाद सुटत नाही.

१५ मार्च, शनिवार

मोजणी : एकवीस.

संचालकबाईंना सांगावं लागलं. त्या ओट्याशी आल्या, तिन्ही कुंड्या एकेक करून वाकून पाहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्या दुसऱ्या बागेने सहा वर्षांपूर्वी खोडाचा तुकडा मागितला होता. आपण पाठवला ना?"

पाठवला नाही, हे त्यांनाही माहीत आहे. मीच टोलवत राहिले. आधी म्हणाले झाड लहान आहे, मग म्हणाले फुलोऱ्यात आहे, मग म्हणाले त्यांचं काचघर गळतं. इथे खरं लिहायला हरकत नाही : मला द्यायचंच नव्हतं. जगात फक्त माझ्या ओट्यावर, हे वाक्य मला फार आवडायचं. पाहुण्यांना सांगताना माझा आवाज बदलतो, असं हे म्हणतात.

"आता पाठवायचं म्हटलं तर काय पाठवणार?" मी विचारलं.

"ते मीच तुम्हाला विचारतेय," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२९ मार्च, शनिवार

पहिली कुंडी गेली. खोड उकरून पाहिलं, आतून तपकिरी, बोटाने दाबलं तर दबलं. राहिलेल्या दोन कुंड्यांतली त्यातल्या त्यात बरी सहा पानं कापून ओल्या वाळूवर लावली. फिल्टरचं शुद्ध पाणी, वर काचेचं झाकण, खाली ऊब. याहून जास्त लाड मी पोटच्या मुलांचेही केले नसते.

मोजणी : लावलेली सहा सोडून अकरा.

६ एप्रिल, रविवार

आज जेवताना यांनी विषय काढला. "ते हरवलेलं पान मिळालं असतं तर आता कामाला आलं असतं, नाही?"

हरवलेलं म्हणे! चोरीला गेलेलं. चार वर्षांपूर्वीचा तो शनिवार मला लख्ख आठवतो. आदल्या आठवड्याला एक्केचाळीस पानं होती, त्या दिवशी चाळीस. मी ओट्यावर वाकून मागच्या कुंडीचं लेबल बांधलं, पानं मोजायला घेतली आणि एका देठावर ताजी जखम दिसली. जमिनीवर पान नाही, ओट्याखाली नाही. काचघराची किल्ली दोघींकडेच, माझ्याकडे आणि मावशींकडे. सकाळी दार त्यांनी उघडलं होतं. मग दुसरं कोण? मी विचारलं. घेतलं नाही, एवढं एकदाच म्हणाल्या. पुन्हा पुन्हा शपथा घेतल्या असत्या तर मी कदाचित विश्वास ठेवला असता. त्यांची बाहेर बदली झाली, आणि गेटवरच्या पहारेकऱ्याला मी सांगून ठेवलं की हिची पिशवी बघत जा.

"गळून कुठे पडलं असेल," हे म्हणाले.

"पान म्हणजे तुमच्या दुकानातला स्क्रू नव्हे, गळून दिसेनासा व्हायला," मी म्हणाले.

मावशींनी ते खरंच चोरलेलं असावं, अशी आज मनात इच्छा आली. चोरून कुठेतरी जगवलं असावं. माझ्याच मनात हे यावं, याची मला लाज वाटली.

१२ एप्रिल, शनिवार

वाळूवरची सहाच्या सहा पानं कुजली. दुसरी कुंडी गेली.

मोजणी : तीन.

फिल्टरचं पाणी तपासायला दिलं होतं. उत्तर आलं, अतिशय शुद्ध. निदान त्या बाजूने काळजी नाही.

१९ एप्रिल, शनिवार

मोजणी : एक.

मी रडले. दार आतून लावून, नेच्यांच्या मागे, खताच्या पोत्यावर बसून. बाहेरून कोणीतरी काचेवर एकदा टकटक केली आणि निघून गेलं. दार उघडलं तर पायरीवर स्टीलच्या पेल्यात पाणी झाकून ठेवलं होतं. मावशींचा पेला मी ओळखते. पाणी मी प्यायले नाही.

२० एप्रिल, रविवार

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी सासूबाईंचा फोन आला. धुण्याच्या यंत्राचा पाइप सुटला, घरभर पाणी झालं, मुलाला पाठव. हे दुकानात होते, म्हणून मीच खाली धावले. पाण्याचा कॉक मोरीत, खिडकीखाली. वाकून तो बंद केला, मान वर केली आणि तशीच उभी राहिले.

खिडकीत बिस्किटांचा जुना डबा. डब्यात सत्तावीस नंबर.

तिरकी, काळपट हिरवी पानं, चंदेरी शिरा, पानाच्या पाठीला लाली, देठांवर लव. आणि खोड! डब्याच्या कडेवरून बाहेर येऊन खाली झुकलेलं, अंगठ्याएवढं जाड. मी मोजली. सव्वीस पानं, आणि मधोमध फुलाचा दांडा.

"आई," मी म्हणाले, "हे कुठून आणलं?"

"तुझ्याच खिशातून," त्या पाणी पुसता पुसता म्हणाल्या. "तीन-चार वर्षं झाली की. कोट धुवायला काढला, तर त्यात पान. चांगलं टवटवीत. मी वर येऊन तुला विचारलं, काय करू याचं? तू फोनवर कोणावर तरी चोरी चोरी म्हणून ओरडत होतीस. माझ्याकडे न बघताच म्हणालीस, फेकून द्या. मला काही ते फेकवेना."

मी मोरीच्या कट्ट्यावर बसले. पाण्यात. कोटाचा तो लोंबता खिसा, ओट्यावर वाकून लेबल बांधणं, देठावरची ताजी जखम. वाकले तेव्हा पान खिशात अडकून तुटलं होतं, इतकं साधं. पान माझ्या अंगावर होतं आणि मी दुसऱ्याच्या अंगावर शोधत होते.

सासूबाई घाबरल्या. "अगं, महाग झाड आहे का ते? मी तर मोरीची दुरुस्ती झाली तेव्हाचे चुन्याच्या गिलाव्याचे तुकडे घालून लावलंय. आणि याला लागतं तरी काय? किटलीतलं पाणी. मध्ये एकदा विकतच्या बाटलीतलं घातलं होतं महिनाभर, तर रुसलं. पानं गाळायला लागलं. पुन्हा किटलीवर आणलं तेव्हा कुठे हसलं. मी तुला कितीदा सांगितलं, पण तुला बसायला वेळ कुठे असतो?"

डब्याच्या कडेला पांढरं पुट होतं. माझ्या जुन्या कुंड्यांना असायचं तसंच.

कुंड्या फारच स्वच्छ झाल्यात हल्ली. तो टोमणा नव्हता. त्यांना दिसलं होतं, मला दिसलं नाही. चुनखडीच्या कड्यावरचं झाड, आणि मी तीन वर्षं भांडून त्याच्या तोंडचा चुना काढून घेतला. सुरुवातीला मातीत घातलेले चुनखडीचे खडे केव्हाच झिजून गेले होते. पोसत होतं ते नळाचं पाणी, ज्याला मी बावीस वर्षं शिव्या घातल्या.

सासूबाईंनी मला कोरडं लुगडं दिलं, चहा दिला. आज मी बसले. दोन तास बसले. सल्लेही ऐकले.

२१ एप्रिल, सोमवार

संचालकबाईंना सगळं सांगितलं. सत्तावीसच्या ओट्यावर फिल्टरचं पाणी बंद, माझी जुनी पांढरी पडलेली झारी पुन्हा बाहेर. डबा सासूबाई स्वतः रिक्षात मांडीवर घेऊन आल्या, माझ्या हातात दिला नाही. "तू खिशात घालशील," म्हणाल्या. संचालकबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

खोडाचे दोन तुकडे केले. एक त्या दुसऱ्या बागेला जाईल. या खेपेस पार्सल मीच बांधलं.

मावशींकडे गेले नाही. पार्सल होतं ना.

२३ एप्रिल, बुधवार

आजही गेले नाही. दोनदा स्वच्छतागृहांपर्यंत जाऊन हात धुऊन परत आले. झाड मरत होतं तेव्हा मला झोप लागायची. आता झाड जगलंय आणि मी कुशी बदलत पडून असते.

२४ एप्रिल, गुरुवार

सकाळी आधी रजिस्टर काढलं. चार वर्षांपूर्वीचं पान उघडलं. तिथे माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, "एक पान चोरीस." खोडलं नाही. खाली लाल शाईने लिहिलं : "चोरी झाली नव्हती. पान माझ्याच कोटाच्या खिशात पडलं होतं. काचघरातल्या मावशींवर मी खोटा आळ घेतला." सही, तारीख. रजिस्टरला मत चालत नाही, पण हे मत नाही.

मग ते रजिस्टर घेऊन मावशींकडे गेले. त्या पायरीवर बसून झाडूच्या दांड्याला तार गुंडाळत होत्या. मी वाचून दाखवलं.

त्यांनी तार पूर्ण गुंडाळली, टोक आत खोचलं. मग म्हणाल्या, "खिशात होय!" आणि झाडू बाजूला ठेवून, "बाई, मी पहिले सहा महिने ते पान शोधत होते. पालापाचोळ्यात, नाल्यात, कचऱ्याच्या डब्यांत. म्हटलं सापडलं तर तुमच्यासमोर नेऊन ठेवते."

"माझं चुकलं मावशी," एवढंच म्हणाले. ते चार वर्षांना पुरत नाही, हे मला कळतं. "काचघरात परत या. संचालकबाईंशी बोलले आहे मी."

"ते बघू," त्या म्हणाल्या. "आधी झाड दाखवा."

काचघरात आल्यावर त्या डब्यासमोर उभ्या राहिल्या आणि बोटाने, पानाला न लावता, मोजायला लागल्या. आमच्या वाटणीला आलेल्या तुकड्यावर चौदा पानं आहेत; तिसऱ्या कुंडीतलं शेवटचं पान सोमवारीच गळालं. "चौदा," त्या म्हणाल्या. "तुम्हीही मोजा. रजिस्टरात लिहा. पुन्हा एखादं कमी पडलं, तर माझ्याकडे यायचं नाही."

मी मोजली, लिहिली. मग कात्रीने एक चांगलं पान देठासकट कापलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "हे तुमच्या घरी लावा. नळाचं पाणी घाला. जितक्या घरांत असेल तितकं बरं, हे मला उशिरा कळलं."

त्यांनी हात मागे घेतला. "मला नको, बाई. हे घेऊन मी गेटमधून बाहेर कशी जाऊ? माझी पिशवी रोज उघडतात."

"रोज? अजून?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना. कोणी बंद करा म्हटलंच नाही."

मी सांगून विसरून गेले होते. चार वर्षं, रोज संध्याकाळी, सगळ्यांसमोर त्यांनी पिशवी उघडून दाखवली होती, आणि मी त्याच गेटमधून, लोंबत्या खिशांनी, पहारेकऱ्याला हात करून जात होते.

सुटी झाल्यावर आम्ही दोघी बरोबर निघालो. गेटवर सगळ्यांची गर्दी. सवयीने पहारेकऱ्याने मावशींच्या पिशवीला हात घातला. मी म्हणाले, "थांबा. आधी माझी झडती घ्या."

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मी दोन्ही खिसे उलटे करून त्याच्या टेबलावर रिकामे केले. कात्री, सुतळी, तीन लेबलं, पेन्सिलीचा तुकडा, बिस्किटाचा चुरा आणि नेच्याचं एक वाळकं पान, तेही न सांगता आलेलं. मागचे लोक बघत होते. मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "चार वर्षांपूर्वीचं पान असंच गेलं होतं, माझ्या खिशातून. मावशींच्या पिशवीला आजपासून हात लावायचा नाही. लावायचाच असेल तर रोज आधी माझ्या खिशांना."

पहारेकऱ्याने पिशवी सोडली. माझ्या हातातलं सत्तावीस नंबरचं पान मावशींनी घेतलं, पिशवीत घातलं नाही. देठाला धरून, सगळ्यांना दिसेल असं उंच धरून त्या गेटमधून बाहेर पडल्या.

मी परत काचघरात गेले आणि नोंद पुरी केली. मोजणी : तेरा. एक गेटमधून बाहेर गेलं, माझ्या सहीने.